पाणपोईचा कोपरा

—ते सगळं बराबर आहे, पण मला एक सांग बेटा, भरवसा ठेवायचा कोणावर? नकाशा काढणाऱ्यावर, का जिच्यावरून नकाशा काढला तिच्यावर? तू विद्यापीठातली, तुला हा सवाल रोज पडत असंल. आम्हा दुकानदारांचं सोपं असतं — गिऱ्हाईक तोंडानं काय म्हणतं ते कानानं ऐकायचं, आणि हात कुठं जातो ते डोळ्यानं बघायचं. बाई म्हणते, "नुसतं बघायला आले", आणि हात जातो मोरपंखी पदराच्या साडीवर — मंग भरवसा हातावर ठेवायचा, तोंडावर न्हाई. बस, बस ना अशी पंख्याखाली. चांदमल म्हणून राह्यलेत सगळे मला, तू काका म्हण. तुझ्या मॅडम मला काकासा म्हणतात, तिची शिष्या तू, म्हणजे तुझाही काकाच की. पाणी घे. हा तांब्या, हा ग्लास — आमच्याच पाणपोईचं आहे, कोपऱ्यावरच्या. न्हाई? बरं, चहा? तोही न्हाई? एस.टी.चा प्रवास करून आलीस, उन्हातून आलीस, आणि घसा कोरडा न्हाई तुझा? असू दे, भरून ठेवतो इथं. वाटलं तर घे.

नाव काय म्हणालीस? प्रांजली. आणि गाव? केदारखेडा! अरे मंग असं सांग ना आधी. केदारखेड्याच्या कडूबाई तुझ्या कोण? — आजी? बघ, ओळखलं का न्हाई! कपाळ तसंच आहे. मेंढरं होती तुमच्याकडं, दिवाळीनंतर लोकर कातरली की चार-पाच बायका मिळून बाजाराला यायच्या इथं, कडूबाई त्यात म्होरकी. हिरवं लुगडं सोडून दुसरा रंग पसंत न्हाई. लाडबाई — म्हणजे माझ्या घरच्या, तुझ्या मॅडमच्या काकीसा — त्या बायकांच्या काउंटरला बसायच्या, तिथं. ते लाकडी काउंटर दिसतंय ना, आता ज्याच्यावर अस्तराचे तागे ठेवलेत. कडूबाई तिच्याशी बोलायची, माझ्याशी न्हाई. माझ्याकडं बघून नुसती म्हणायची, "शेठ, तुमचा भाव तुमच्यापाशी ठेवा, मला बाईसाहेबांचा भाव सांगा."

काय? — न्हाई, फोनकडं उगाच बघून राह्यलो. एक फोन यायचा आहे. तू विचार.

हां, पलक, तुझ्या मॅडम. लहानपणापासून सांगतो, म्हणजे तुझ्या त्या गौरव अंकात दोन पानं बराबर भरतील. माझ्या मोठ्या भावाची पोरगी. आमचं दोघा भावांचं घर एक, जुन्या जालन्यात, पुलाच्या पलीकडं. दुकान इकडं, नवीन जालन्यात. शाळा सुटली की पोरगी घरी जायच्या ऐवजी दुकानात यायची, काकीच्या काउंटरखाली बसायची, फॉलच्या पट्ट्यांत. तिथून तिला काय दिसायचं? तर बायकांचे पाय. मी म्हणायचो, ही मोठी झाली की चपलांचं दुकान टाकंल. पाचवीत का सहावीत गुरुजींनी सांगितलं, आपल्या बाजाराचा नकाशा काढून आणा. बाकीच्या पोरांनी सराफा काढला, मंदिर काढलं, चौक काढला. हिनं काय केलं — अर्ध्या गल्ल्या काळ्या करून टाकल्या. कोळशानं रंगवल्यासारख्या. गुरुजी म्हणाले, हे काय? तर म्हणते, "इथून काकी जात न्हाई. इथं पानटपरीवर माणसं उभी असतात. आणि इथून संध्याकाळी जात न्हाई. आणि इथून एकटी जात न्हाई." गुरुजींनी शून्य दिलं. का? तर उत्तर दिशा दाखवली न्हाई. मला घरी येऊन सांगितलं, मी इतका हसलो — म्हटलं बेटा, व्यापाऱ्याच्या पोरीनं दिशा विसरून कसं चालंल, आपण तर लक्ष्मी कोणत्या दिशेनं येते त्याच्यावर दरवाजा लावतो.

आता बघ, लोक म्हणतात स्त्रीवादी भूगोल म्हणजे काय, तर मला एका वाक्यात सांगता येतं — आणि हे लिहून घे, माझ्या नावानं लिही — "गिऱ्हाईक कोण आलं ते सगळेच बघतात, शहाण्यानं कोण आलं न्हाई ते बघावं." झालं! हाच तिचा सगळा धंदा. शहरात कोण दिसत न्हाई, कुठं दिसत न्हाई, कधीपासून दिसत न्हाई. हे ती कुठं शिकली? पुण्यात? लंडनमध्ये? न्हाई बेटा. इथं. ह्या दुकानात. संध्याकाळी दुकान आवरताना आमच्यात बोलणं व्हायचं — आज केदारखेड्याच्या आल्या न्हाईत. आज शाळेच्या बाई आल्या न्हाईत. काल परकर बघून गेलेली परत आली न्हाई. पोरगी काउंटरखाली बसून ऐकायची. पुढं तिनं त्याच्यावर पुस्तक लिहिलं आणि लोक म्हणायला लागले, काय नवीन विचार! अरे नवीन कुठला, आमच्या दुकानातला जुना माल आहे तो, तिनं घडी घालून नीट मांडला. लिहिलंस? "चांदमल काका म्हणतात" असं लिही.

मंग बारावी झाली. आमच्यात पोरगी हुशार असली तर बी.कॉम., जास्त हुशार असली तर सी.ए. ही म्हणाली, भूगोल. भाऊ म्हणाला, भूगोल? तो तर सातवीत संपला ना? तरी मी म्हटलं, शिकू दे. पुण्याला गेली. पुढं स्थळं यायला लागली. एक पाहुणे आल्ते इचलकरंजीचे, सूतवाले, चांगलं घर. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "बेटी काय करते?" भाऊ म्हणाला, "भूगोलात पीएच.डी." ते खुश — "म्हणजे नद्या, डोंगर, पर्वत?" तर ही आतून पोह्यांची बशी घेऊन आलेली, बशी ठेवता ठेवता म्हणते, "न्हाई काकाजी, मुताऱ्या. बायकांच्या मुताऱ्या शहरात कुठं आहेत आणि कुठं न्हाईत." — पोहे गार झाले बेटा! त्यांच्यातल्या एका आजीनं मात्र पदर तोंडाला लावला आणि अशी खुदुखुदु हसली, अशी हसली, की मुलाच्या बापाला कळंना उठायचं का बसायचं. स्थळ गेलं. जाताना ती आजी पलकला बाजूला घेऊन काय म्हणाली माहिती का? म्हणाली, "आमच्या गावी पण येऊन काढ नकाशा." हा किस्सा टाकायचा का न्हाई ते तुझ्या मॅडमला विचार. टाक, टाक, हसंल ती.

हॅलो? — न्हाई, कंपनीचा आहे, लोन पायजे का म्हणून. कट केला. पुलावर ट्रक आडवा झालाय म्हणे आत्ताच, दोन्ही बाजूंनी गाड्या तुंबल्यात. तू बसस्टँडकडून आलीस म्हणून तुला दिसलं नसंल. रिक्षा पण निघत न्हाईत त्यातून. असो.

आता ती पाणपोई. तुझ्या मॅडमचं नाव झालं ते तिच्यावरूनच, म्हणून ते नीट सांगावं लागंल. लाडबाई दुकानात बसायला लागल्या कशामुळं — तर बायकांना आतले कपडे पुरुषाकडून मागायला लाज वाटते, मंग त्या घेतच न्हाईत. मी म्हटलं, घरचीच बाई बसवली तर? आमच्या समाजात तेव्हा कोणाची बायको दुकानात बसत नव्हती, बोलले लोक. पण धंदा वाढला, बोलणारे गप्प झाले. सकाळी जेवण उरकून यायची, दिवस मावळायच्या आत घरी — कारण आमच्यात दिवस मावळल्यावर अन्न न्हाई, पाणी न्हाई, चौविहार पाळतो आम्ही. आणि एका चातुर्मासात काय झालं, महासतीजी, म्हणजे आमच्या जैन साध्वी, आल्या होत्या जालन्याला, व्याख्यानात नियमाचं महत्त्व सांगितलं — छोटा का होईना, एक नियम घ्या. कोणी बटाटा सोडला, कोणी गोड सोडलं. लाडबाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "दुकानात असेपर्यंत मी पाणी घेणार न्हाई." मंग अनुमोदना, म्हणजे तपाचं कौतुक काय, जयजयकार काय! मानाची चुनडी ओढवली तिला. दिवसभर बाजारात बसायचं, उन्हाळ्यात, जालन्याच्या उन्हाळ्यात, आणि थेंब न्हाई घ्यायचा! माझी छाती अशी झाली. लोक मला रस्त्यात थांबवून नमस्कार करायचे, "शेठजी, तुमच्या घरात तपस्वी आहे." लगीनसराईत दुकान उशिरापर्यंत चालायचं, दिवस मावळून जायचा, मंग घरी जाऊनही पाणी न्हाई — दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर. आणि तोंडानं तक्रार? एक शब्द न्हाई.

मंग मी तिच्या नावानं पाणपोई बांधली. दुकानाला लागून जो कोपरा आहे तो माझ्या मालकीचा, त्याच्यावर. संगमरवर राजस्थानहून आणला, मकराण्याचा. फरशीवर अक्षरं कोरून घेतली — "सौ. लाडबाई यांच्या जलनियमाच्या अनुमोदनार्थ." आतासुद्धा आहे, येताना वाचली असंल. थंडगार पाणी, चोवीस तास, कोणी कोणत्या जातीचा असू दे. नाक्यावरचे हमाल, रिक्षावाले, कॉलेजची पोरं — किती जण पिऊन जातात. मला सांग, यात माझं काय चुकलं? बायकोनं पाणी सोडलं, मी गावाला पाणी पाजलं.

आणि ही पोरगी पुण्याहून आली सुट्टीला, आणि पाणपोईसमोर दिवसभर उभी राहिली. हातात पॅड, गळ्यात ओळखपत्र. बाजारात अफवा उठली की नगरपालिकेची बाई आली, अतिक्रमणाची मोजणी करून राह्यली! सर्जेराव — आपल्या शेजारचे, भांड्यांचे — त्यांनी बाहेर काढलेला पत्रा अर्ध्या तासात आत घेतला, बेटा. चप्पलवाल्यानं स्टँड आत घेतलं. ज्या रस्त्यात सायकल जात नव्हती तिथून बैलगाडी जाईल एवढी जागा झाली! संध्याकाळी कळलं की ही तर चांदमलची पुतणी. सर्जेराव येऊन म्हणाले, "शेठ, तुमची पोरगी महिन्यातून एकदा पाठवत जा, बाजार मोकळा राहील." हसून राह्यलीस. आम्ही पण हसलो.

पण पुढं वर्षभरानं अक्षतनं — माझा मुलगा — मोबाईलवर मला एक व्हिडिओ दाखवला. कुठल्यातरी परदेशातला मोठा हॉल, गोरी-काळी सगळ्या देशाची माणसं बसलेली, आणि पडद्यावर — आमची पाणपोई! लाडबाईचं नाव! मी दुकानातल्या सगळ्यांना बोलावलं, बघा बघा म्हटलं. आणि पलक इंग्रजीत बोलून राह्यली, अक्षत मराठीत सांगत होता — "ही पाणपोई माझ्या काकांनी माझ्या काकीच्या व्रतासाठी बांधली. मी इथं सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभी होते. एकही बाई इथं पाणी प्यायली न्हाई." मला वाटलं, म्हणजे गर्दी असते, लाजतात. तर पुढं म्हणते, "कारण ह्या बाजारात पाणी पिलेल्या बाईला जायला जागा न्हाई. माझ्या काकीनं पाण्याचा नियम घेतला न्हाई. बाजारानं तो तिच्यावर घातला. तिनं त्याला फक्त देवाचं नाव दिलं, म्हणजे कोणी ‘का’ विचारणार न्हाई."

टाळ्या वाजल्या तिथं. इथं कोणी वाजवल्या न्हाईत.

मी बोलणं बंद केलं तिच्याशी. का न्हाई करणार? घरच्या बाईची तपस्या चव्हाट्यावर! लोक विचारायला लागले, "शेठजी, मंग तो नियम खरा होता का?" मी म्हणायचो, खरा, बिलकुल खरा, पोरीचं डोकं शिकून फिरलंय. तिला तिकडं नोकरी लागली, नाव झालं, किती शहरांत बोलावून राह्यले — बसथांबे कुठं ठेवायचे, कुठं दिवे लावायचे, रात्रपाळीच्या नर्सांनी कोणत्या रस्त्यानं घरी जायचं. एका शहरात तर तिच्या सांगण्यावरून बागेची भिंत पाडून जाळी बसवली, म्हणजे बाहेरून आतलं दिसावं. मी अक्षतकडून ऐकायचो. विचारायचो न्हाई, तो सांगायचा. आणि लाडबाई? तिनं व्हिडिओ बघितला का? — बघितला. मी विचारलं, हे खरं का? तर कणीक मळून राह्यली होती, मळतच राहिली. एवढंच म्हणाली, "पोरगी काउंटरखाली बसायची, तिला सगळं दिसायचं."

ह्याला होकार म्हणायचं का नकार? मी नकार धरला. व्यापारी आहे मी, उत्तर स्पष्ट न्हाई आलं तर आपल्या फायद्याचं धरायचं.

मंग मुतखडे झाले तिला. एकदा, दुसऱ्यांदा. डाव्या बाजूचं मूत्रपिंड काढावं लागलं, संभाजीनगरला. डॉक्टर तरुण होता, मला म्हणाला, बाई पाणी किती पितात? मी ताठ मानेनं म्हणालो, तिचा नियम आहे. त्यानं चष्मा काढला आणि माझ्याकडं बघत राहिला. आता ते सोड, ते लिहायचं न्हाई तुला — तू मॅडमबद्दल लिहून राह्यलीस, लाडबाईबद्दल न्हाई. आणि माझी काय चूक होती त्यात? मी कधी म्हणालो का, पिऊ नको? आम्ही गडी माणसं गोदामाच्या मागं जायचो, कधी डोक्यातच आलं न्हाई की... न्हाई, ते सोड.

आता आजचं सांगतो, मंग तुला मोकळं करतो. पलक परत आली हे तुला माहितीच आहे, तुम्हीच तिच्या हाताखाली बाजारात फिरून राह्यल्या तीन-चार पोरी. तिनं महानगरपालिकेला नकाशा दिला, बाजारात बायकांसाठी शौचालय कुठं व्हावं त्याचा. स्टेशनजवळ न्हाई, नाल्याजवळ न्हाई — तिथं अंधार, तिथं दारूचं दुकान. सगळ्या रेघा येऊन मिळतात कुठं? आमच्या कोपऱ्यावर. पाणपोईवर! दुसरी कुठली जागा बसत न्हाई म्हणते. आणि जागा माझी, म्हणून मी हो म्हणायला पायजे. आज चार वाजता व्यापारी मंडळ बसणार आहे, सर्जेरावांच्या माडीवर. मंडळाचं म्हणणं साफ आहे, "धरमाच्या पाणपोईला लागून संडास? शेठ, तुम्ही नुसतं न्हाई म्हणा, मंग महानगरपालिकेचा बापही काही करू शकत न्हाई." सर्वांत वयानं मोठा मी. माझा शब्द चालतो.

धंद्याचं गणित मला कळत न्हाई असं न्हाई. तुझी आजी कडूबाई — लगनाचा बस्ता काढायला आल्ती एकदा, तुझ्या आत्याचा असंल. ढीग काढला साड्यांचा, अर्ध्यातून उठली, "बस निघून जाईल" म्हणाली आणि गेली. मी चिडलो. लाडबाई म्हणाली, "बस पाच वाजता आहे." मी म्हटलं, मंग? तर म्हणाली, "तिला जायचं होतं." मी म्हटलं, कुठं जायचं होतं? — माझ्याकडं बघितलं तिनं, आणि साड्यांच्या घड्या घालायला लागली. तर धंद्याचं कळतं मला. बायका थांबल्या तर बाजार थांबंल. पण फरशी काढावी लागंल ना बेटा! ती फरशी काढली म्हणजे गाव म्हणणार, चांदमलच्या घरात तपस्या नव्हतीच, अडचण होती नुसती. मंग तिनं एवढं सोसलं ते कशात जमा करायचं? नियम म्हटलं तर पुण्य तरी आहे. अडचण म्हटलं तर... तर काय उरतं हातात? तू सांग. तू न्हाई सांगू शकत.

म्हणून आज सकाळी लाडबाईला विचारलं. घरून निघताना, चपला घालता घालता. म्हटलं, चार वाजता मी न्हाई म्हणणार आहे, तुझ्या नावाचा प्रश्न आहे. ती आत निघून गेली. मी दुकानात आलो. आणि तू यायच्या थोडं आधी बघतो तर — रिक्षातून उतरून राह्यली. ऑपरेशन झाल्यापासून किती वर्षं दुकानाची पायरी चढली न्हाई ती. गुडघ्यावर हात ठेवून चढली, त्या काउंटरशी गेली, अस्तराचे तागे बाजूला सरकवले आणि बसली. आपल्या जागेवर. गिऱ्हाईक होतं दुकानात, अक्षत होता, सर्जेराव सुट्ट्या पैशांसाठी आल्ते ते उभे होते. आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पाणी आणा. पाणपोईचं." आम्हाला वाटलं चक्कर आली. अक्षत पळत गेला. तिनं ग्लास घेतला आणि प्यायली. सगळा. दुसरा मागितला. तोही प्यायली. सर्जेराव बघून राह्यले, मी बघून राह्यलो — जन्मभराचा नियम बाईनं भर दुकानात मोडला, आणि चेहऱ्यावर काही न्हाई. ग्लास पालथा ठेवला, पदरानं ओठ पुसले. आणि बसून राहिली. मी म्हटलं, घरी चल. म्हणाली, थोडं थांबते. तिला आता गोळ्या आहेत डॉक्टरांच्या, पाणी थांबत न्हाई अंगात, हे तिला माहिती. मला पण माहिती. मंग थोड्या वेळानं माझ्याकडं बघून, हळू न्हाई, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली—

"मला जायचंय. कुठं जाऊ, सांगा."

बेटा, मी ह्या बाजारात जन्म काढला. कोणत्या गावात कोणता रंग खपतो ते मला विचार, झोपेतून उठवून विचार. मी गोदामाकडं बघितलं, नाल्याकडं बघितलं, सर्जेरावांकडं बघितलं. सर्जेराव खाली बघायला लागले. रिक्षा थांबवली, अक्षतला बसवलं बरोबर, म्हटलं घरी ने, जल्दी ने. आणि मंग कळलं की पुलावर ट्रक आडवा आहे. आणि तू आलीस. आणि मी तुला किस्से सांगून राह्यलो. काय करणार, तोंड चालू असलं की घड्याळाकडं लक्ष जात न्हाई असं वाटलं.

थांब. अक्षतचाच आहे.

हां, बोल. ... पोचलात? ... किती वेळ अडकलात? ... हां. ... हां. ... मंग? ...

... रिक्षातच?

... रिक्षावाला काय म्हणाला? ... बरं. भला माणूस. ... लुगडं बदललं का तिनं? ... काही म्हणाली का? ... न्हाई, फोन देऊ नको तिला. काय बोलू मी. ... पलक आली घरी? दोघी बसल्यात? ... बरं. बसू दे. ठेव.

...

तू अजून तो ग्लास उचलला न्हाईस. मघापासून बघून राह्यलो. उन्हातून आलीस, ओठ सुकलेत, आणि ग्लास तसाच. मी तुला विचारलं, का न्हाई पीत, तर तू हसलीस. लाडबाई पण अशीच हसायची. काढून घेतो तो ग्लास, मघाशी उगाच आग्रह केला.

काय वाजले? चार व्हायला आले. मंडळाची माणसं माडीवर जमली असतील. मी जातो आणि हो म्हणून येतो. कोपरा देतो. गवंड्याला उद्याच बोलावतो, फरशी मी स्वतः उभा राहून काढून घेईन — फुटू न देता, घरी न्यायची आहे. पाणपोई राहील, बाजूला सरकंल. मंडळाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

आणि हे बघ, वर लिहिलंस ते काप. ते माझ्या नावाचं वाक्य — कोण आलं न्हाई ते बघावं — ते माझं न्हाई. संध्याकाळी दुकान आवरताना मी गल्ला आवरायचो बेटा, मला कुठली फुरसत. कोण आल्या न्हाईत ते लाडबाई बोलायची, घड्या घालता घालता, आपल्याशीच. पोरगी तिचं ऐकायची. ते लाडबाईच्या नावावर लिही. आणि ‘नियम घेतला’ असं लिहू नको. ‘जागा नव्हती’ असं लिही. पुण्य माझ्याकडं जमा धरू नको, पलककडं सगळं धरू नको. ज्याचं त्याच्या खात्यावर. माझं ऐकून घेतलंस, आता हिशेब खरा ठेव.

ऊठ. बसस्टँडकडं जाऊ नको, तिथंही बायकांना जायला नीट जागा न्हाई. पुलाकडून चालत जा, ट्रक हलला असंल आता, जुन्या जालन्यात कोणालाही विचार लाडबाईंचं घर. दार उघडं असंल. जा, जल्दी जा.